तलावाकाठी आत्याचा आवाज

माझी आत्या रायपूर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायची. बाबांची ती थोरली बहीण. आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी वर्ध्याकडून इकडे आले आणि इथलेच झाले, आत्यालाही मग रेल्वेतच नोकरी लागली. लागली ती पूछताछच्या खिडकीवर, पण तिचा आवाज ऐकून कुणीतरी तिच्यापुढे माइक ठेवला आणि पुढची कितीतरी वर्षं तो तिथेच राहिला. तिनं लग्न केलं नाही. आमच्याबरोबर चौबे कॉलोनीत, रस्त्याकडच्या खोलीत ती राहायची.

लहानपणी नागपूरहून कुणी पाहुणे यायचे असले की मी बाबांच्या मागे लागून स्टेशनवर जायचे. पाहुण्यांत मला काही रस नसे. फलाटावर उभं राहून आत्याचा आवाज ऐकायचा आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचं, "ही माझी आत्या आहे." बरेचजण हसून मान हलवायचे. एका बाईनं मला विचारलं होतं, "कहाँ है?" आणि मी वर, लोखंडी खांबाला लटकवलेल्या भोंग्याकडे बोट दाखवलं होतं.

तिच्या घोषणा इतर कुणासारख्या नसत. दिवाळी उलटून शेतं रिकामी झाली की खेड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं घेऊन परमुलखात कामाला निघायची. फलाट बदलला की त्यांची धांदल व्हायची. मग आत्या हिंदी घोषणा संपवून त्याच माइकवर, त्याच सुरात छत्तीसगढी बोलायची. "दाई-ददा मन सुनव, गाड़ी अब दू नंबर मा आही. लइका मन ल धर के रेंगव." मुलांना धरून चाला, एवढंच. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण तिच्या त्या एका वाक्यानं जमिनीवर बसलेली माणसं धीरानं उठायची, हे मी पाहिलेलं आहे.

पुढे कॉम्प्युटर आला. गाडीचा नंबर दाबला की आधी भरून ठेवलेले शब्द एकामागे एक जोडले जायचे आणि घोषणा तयार व्हायची. आत्याची बदली पार्सल ऑफिसात झाली. त्यानंतर ती स्टेशनच्या मोठ्या दारानं आत जाईनाशी झाली, मागून मालगोदामाच्या बाजूनं जायची. निवृत्त झाली तीसुद्धा त्याच मागच्या दारानं, हातात शाल आणि नारळ घेऊन.

तोवर राज्य नवीन झालं होतं आणि आमचं रायपूर राजधानी. गावाबाहेर शेतांच्या मधोमध नवी राजधानी उभी राहत होती. तिकडे पहिल्यांदा गेले तेव्हा रस्त्यांची रुंदी पाहून मी बसच्या खिडकीला चिकटले होते. एवढा रस्ता आणि त्यावर आमची बस सोडून दुसरं वाहन नाही. कडेला ओळीनं लावलेली रोपं, त्यांना जाळ्या, आणि मध्येच एखादी म्हैस सावकाश रस्ता ओलांडणारी. मी तेव्हा शंकर नगरच्या एका इव्हेंट कंपनीत निमंत्रणपत्रिका आणि फलक तयार करायचे. लग्नं, शोरूमची उद्घाटनं, सरकारी मेळावे, असलंच काम असायचं. त्यात एक दिवस आमच्या साहेबांनी सांगितलं की नव्या शहरातल्या तलावाकाठी कलेचं प्रदर्शन भरणार आहे आणि दिल्लीहून येणाऱ्या बाईंबरोबर मी राहायचं.

त्या बाई चित्रकार म्हणून शिकलेल्या, पण चित्रं काढत नव्हत्या. त्या जागा घडवायच्या. त्यांच्याबरोबर जयपूरकडचे एक शेठ होते. फार महागाचं फर्निचर बनवायचे, हॉटेलांना आणि बंगल्यांना पुरवायचे. दोघांचं मिळून असं ठरलं होतं की तलावाच्या काठानं पांढऱ्या संगमरवराचे बाक ठेवायचे, पानासारखे वळलेले, पितळी पायांचे. गवतात दिवे, माणूस चालला की पावलाखालचा उजेड बदलणार. वेताच्या झुडपांतून धुकं सोडायचं. आणि कुणी बाकावर बसलं की मागच्या तांब्याच्या पत्र्यातून एक आवाज त्याच्याशी बोलणार, या जमिनीबद्दल, पाण्याबद्दल. पलीकडे अर्धवट बांधलेल्या इमारती, अलीकडे बगळे, आणि मध्ये हे सगळं. मला ते कागदावर पाहूनच भारी वाटलं होतं. रायपुरात असं काही होईल हेच नवीन होतं.

आवाज मात्र सापडत नव्हता. नाटकात काम करणारे आले, रेडिओवर बोलणारे आले, कॉलेजातल्या मुली आल्या. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि नम्रपणे नको म्हणायच्या. "बहुत अच्छा है," त्या मला नंतर म्हणायच्या, "लेकिन ये लोग मुझे कुछ बेच रहे हैं."

हॉटेलचं जेवून त्या कंटाळल्या होत्या, म्हणून एका रविवारी मी त्यांना घरी जेवायला आणलं. आईनं पुऱ्या, वांग्याची भाजी आणि कोथिंबिरीची सांभारवडी केली होती. जेवताना आत्याच्या लक्षात आलं की वरच्या मजल्यावरच्या काकूंची वाळत घातलेली चादर वाऱ्यानं आमच्या अंगणात पडली आहे. ती उठली, अंगणात गेली आणि नेहमीसारखं म्हणाली, "भाभीजी, आपकी चादर हमारे यहाँ है. आराम से आइए." ओरडली नाही. साधं बोलली. पण ते वर पोचलं, आणि वरून "हव दीदी" असं उत्तरही आलं.

बाईंच्या हातात पुरी तशीच राहिली. त्यांनी मला विचारलं, "ये कौन हैं?"

"माझी आत्या," मी म्हटलं. खूप वर्षांनी हे मी अनोळखी माणसाला सांगत होते.

आत्या लगेच तयार झाली नाही. दोन-तीन दिवस विचार केला, बाबांशी बोलली. बाबा म्हणाले, "जा ना ताई. घरी बसून काय करून राहिली?" मग एका सकाळी केसांना तेल लावून, इस्त्रीची साडी नेसून ती माझ्याबरोबर ऑफिसात आली. आम्ही एका खोलीला गाद्या लावून रेकॉर्डिंगची सोय केली होती. बंगळूरहून आलेला एक इंजिनियर यंत्रं सांभाळत होता. मुलगा सभ्य होता. त्यानं तिला खुर्ची दिली, कानाला हेडफोन लावले, पाणी ठेवलं.

तिनं बाईंनी लिहिलेला मजकूर वाचायला घेतला. धरती श्वास घेते, पाणी स्मरण ठेवतं, असं काहीतरी हिंदीत होतं. आत्यानं ते मन लावून वाचलं. मग इंजिनियर म्हणाला, "मॅडम, अब सिर्फ़ शब्द. एक-एक करके. पानी. पेड़. सुबह. शाम. बाद में मशीन इन्हें अपने आप जोड़ लेगी, जैसा आदमी बैठेगा वैसा वाक्य बनेगा."

आत्यानं "पानी" म्हटलं. "पेड़" म्हटलं. मग थांबली. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले, वायर नीट गुंडाळली.

"मशीन जोड़ेगी?" तिनं विचारलं.

"जी."

"तो रहने दो, बेटा."

ती उठली आणि बाहेर आली. मी मागे धावले. जिन्यात तिला गाठलं. रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती.

"काहून वं आत्या, काय झालं?"

"काही नाही. तुकडे करून घ्यायचे आणि मंग त्याईनंच जोडायचं. टेशनावर एकदा झालं ना ते. मले नाही द्यायचे तुकडे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तू जा, काम कर. मी रिक्षानं जाते घरी."

पार्सल ऑफिसात गेल्यापासून त्या बदलीबद्दल ती बोललेली मी ऐकली ती तेवढीच.

दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या बाई स्वतः आमच्या घरी आल्या. फळं वगैरे काही आणलं नव्हतं, नुसत्या आल्या आणि आत्याच्या खोलीत पलंगावर बसल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा आत्या त्यांना सांगत होती की समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय तिला बोलताच येत नाही. माइकच्या खोलीतून तिला फलाट दिसायचा. गर्दी कशी आहे, म्हातारी माणसं किती आहेत, पाऊस आत येतोय का, हे बघून ती बोलायची.

बाईंनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तो आप वहीं बैठेंगी? रोज़ शाम?"

"बस का टाइम हो तो बैठूँगी," आत्या म्हणाली.

असं ते ठरलं. यंत्रानं आवाज जोडण्याची सगळी योजना बाजूला पडली. इंजिनियरनं कुरकुर केली, पण दोन दिवसांत त्यालाच मजा वाटायला लागली. तलावाच्या उंचवट्यावर शेठजींनी एक लहानशी काचेची खोली उभी केली, आत शिसवी खुर्ची आणि पितळेचा दिवा. इंजिनियरनं आत्यापुढे एक पडदा लावला. कुठल्या बाकावर कुणी बसलं की त्यावर तिथे हिरवा ठिपका लागायचा. तिनं त्या ठिपक्याला बोट लावलं की तिचा आवाज फक्त त्याच बाकामागून येणार. तिला ते शिकवताना तो घाबरत होता, आणि ती म्हणाली, "बेटा, मैंने एक साथ कितने प्लेटफ़ॉर्म सँभाले हैं, तुम फ़िक्र मत करो."

थंडीचे दिवस होते. उद्घाटनाला मोठमोठी माणसं आली, गाड्यांची रांग लागली. लोक बसत होते, आत्या लिहिलेला मजकूर वाचत होती. सगळं छान झालं, फोटो निघाले. मला मात्र ती उद्घाटनाची संध्याकाळ नीटशी आठवत नाही. आठवते ती त्यानंतरची एक.

उजेड अजून होता, धुकं नुकतंच सोडलं होतं. जवळच्या गावातली एक म्हातारी, सून आणि नातीला घेऊन काठाकाठानं आली. बहुधा हा तलाव त्यांच्या रोजच्या वाटेवरचाच. म्हातारीच्या डोक्यावर लाकडाची लहानशी मोळी होती. ती बाकाजवळ थांबली, दगडाला हात लावून बघितला, चटकन हात मागे घेतला आणि आजूबाजूला पाहिलं. पहारेकरी लांब उभा होता. तो काही म्हणालाही नव्हता, पण तिनं त्याला पाहिलं आणि ती पुढे निघाली. नात मात्र बाकाच्या कडेला टेकली.

मी काचेच्या खोलीत आत्याशेजारी उभी होते. ठिपका हिरवा झाला. आत्यानं मजकुराचा कागद हातात घेतला होता, तो तिनं खाली ठेवला.

"बइठ दाई," ती म्हणाली. "बइठे बर बने हे. बोझा ल उतार दे." बस, हे बसायलाच केलंय, ओझं उतरव, असं.

म्हातारी दचकली. तिनं पहारेकऱ्याकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग तांब्याच्या पत्र्याकडे. नात हसायला लागली. म्हातारीनं मोळी उतरवून गवतात ठेवली, पदर सारखा केला आणि बसली. अगदी कडेवर, उठायच्या तयारीत.

"कोन अस ओ?" तिनं पत्र्याला विचारलं असावं.

आपल्याला तिचं बोलणं ऐकू येत नाही, हे आत्याला माहीत होतं. पण तोंड हललेलं तिनं काचेतून पाहिलं. तिनं आपलं नाव सांगितलं, मी टेसनवाली आहे म्हणाली, टेकडीवरच्या दिव्याच्या खोलीत बसले आहे, इकडे बघ. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. आत्यानं हात केला. मग म्हातारीनंही केला. सून लाजून पदराआड हसत होती. त्या तिघी बराच वेळ बसल्या. आत्या थोडं बोलायची, मग गप्प राहायची. या वर्षी थंडी बरी आहे, पाणी चांगलं भरलंय, पोरीला स्वेटर घाल, असलंच.

मी मागे वळून पाहिलं तर दिल्लीच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांचा मजकूर टेबलावर पडलेला त्यांना दिसत होता. मला वाटलं आता काही बोलतील. त्या आत आल्या, तो कागद उचलला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि खाली जमिनीवर मांडी घालून ऐकत बसल्या. आत्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे बोलत राहिली.

त्यानंतर गावांतून माणसं यायला लागली. आधी बायका, मग सगळेच. रायपूरहूनही लोक यायचे, चारचाकीतून, मुलांना घेऊन. आमच्या पारातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या मराठी बायका एकदा बस करून आल्या आणि आत्यानं प्रत्येकीला बाकामागून मराठीत काहीतरी विचारलं. कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. आई म्हणाली, "ताई, जरा हळू, बाजूच्या बाकावर ऐकू जाते." आत्यानं तिला समजावलं की जात नाही. जात होतं थोडंसं.

शेठजींना हे आवडलं नाही, आणि त्यांचंही चूक नव्हतं. ते बाक त्यांनी गिऱ्हाइकांनी बघावेत म्हणून मांडले होते. आता त्यांवर बोरांच्या बिया सापडायच्या, एकावर हळदीचा हात उमटला होता तो पुसूनही जाईना. त्यांनी मला बोलावून सांगितलं की आत्यांना म्हणावं, लिहिलेलं तेवढंच वाचा. मी घाबरत घाबरत बसमध्ये तिला ते सांगितलं.

"मी कोणाले बोलावून राहिली का?" ती म्हणाली. "कोणी आलं तर बस म्हणते. बाकावर दुसरं काय करते माणूस?"

"पण ते त्याईचे बाक आहेत ना आत्या."

"हव," ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "त्याईचे आहेत तर त्याईनं न्यावं. मी काही म्हणणार नाही."

शेठजींनी तसंच केलं. सगळ्यांत सुंदर दोन बाक गाद्यांत गुंडाळून, ट्रकमध्ये चढवून परत नेले. बाकीचे ठेवले. जाताना मात्र काचेच्या खोलीत येऊन त्यांनी आत्याला नमस्कार केला आणि शिसवी खुर्ची पाठीला टोचते का ते विचारलं. ती म्हणाली टोचते. दुसऱ्या दिवशी त्यांनी उशी पाठवली.

मला ते दिवस आठवतात तेव्हा सगळ्यांत जास्त परतीचा प्रवास आठवतो. आम्ही दोघी थंडगार एसी बसमध्ये, शेवटून तिसऱ्या-चौथ्या रांगेत. बाहेर अंधार पडत आलेला, रुंद रस्त्यावर दिव्यांची न संपणारी ओळ आणि कुठेच माणूस नाही. आत्या दमलेली असायची, घसा बसलेला असायचा, म्हणून ती खुणा करून बोलायची. पिशवीतून ज्येष्ठमधाची काडी काढून एक मला द्यायची. गावात शिरलो की एकदम गर्दी, हॉर्न, चाटच्या गाड्या, आणि ती माझा हात दाबायची, आलं एकदाचं असं. एकदा तिला गोलबाजारात उतरायचं होतं. तिथून तिनं स्वतःसाठी चॉकलेटी रंगाची शाल घेतली, चांगली भारीची, भाव न करता. "काच थंडी फेकते," ती म्हणाली. तिनं स्वतःहून काही विकत घेतलेलं मी फारसं पाहिलं नव्हतं.

मुदत संपली तसं प्रदर्शन संपलं. दिवे उपसले, धुक्याच्या नळ्या गुंडाळल्या, काचा भुशात भरल्या. इंजिनियर आत्याच्या पाया पडला. दिल्लीच्या बाईंनी तिला विचारलं, तुम्हाला यातलं काय हवं? आत्यानं चौफेर पाहिलं. सजावटीसाठी बाहेरून आणलेली शेकडो रोपं कुंड्यांसकट एका बाजूला रचून ठेवली होती. त्यांतलं एक उंच, जांभळट तुऱ्याचं गवत तिनं मागितलं. आम्ही ते ऑटोत मध्ये धरून घरी आणलं.

पुढल्या हिवाळ्यात बाईंचा फोन आला. उदयपूरला, तिथल्या तलावावर असंच काही करणार होत्या. आत्यानं यावं, राहण्याची सगळी सोय करू, असं त्या म्हणाल्या. आत्या फोन कानाला लावून बराच वेळ ऐकत होती. बाबा आणि मी समोर उभे, आम्हाला वाटत होतं तिनं जावं.

"वहाँ के लोगों को मैं क्या बोलूँगी, बेटी?" ती शेवटी म्हणाली. "मैं तो उनके घर का हाल भी नहीं जानती. वहीं की कोई ढूँढो. मिल जाएगी."

बाईंना खरंच कुणीतरी मिळाली. तलावावर नाव चालवणाऱ्या एका माणसाची बायको, असं त्यांनी नंतर कळवलं. आत्याला आनंद झाला. ती छान बोलते का, हे तिनं दोनदा विचारलं.

आता माझं ऑफिसही त्या नव्या शहरात आहे. तलावाला कठडा झालाय, सायकलींसाठी वाट झालीय, संध्याकाळी गर्दी असते. काचेची खोली होती तो उंचवटा मला दाखवता येतो, पण विचारणारं कुणी नसतं. माझ्या मुलीला मी सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, उसका वीडियो नहीं है क्या?" नाही, मी म्हटलं. फोटो आहेत, त्यांत आत्या काचेच्या चमकेमुळे दिसत नाही.

ते जांभळट गवत आमच्याकडे टिकलं नाही. मे महिन्यातल्या उन्हात, सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही ते वाळून काडी झालं. आत्याला त्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. तिनं ते उपटलं, माती उकरून मोकळी केली आणि पावसाळ्यापर्यंत वाट पाहून तीत सांभार पेरला, म्हणजे आपली कोथिंबीर. पुष्कळ आला. आई वरणावर घालायला तोडायला जायची तेव्हा आत्या खोलीतून म्हणायची, "मुळापासून नको उपटू वं, वरून वरून घे."